सर्बियनमध्ये फार विनोदी आहे

आम्ही क्रॉयडनच्या घरात राहायला आलो तो डिसेंबर होता, आणि दुसऱ्याच आठवड्यात एका सकाळी शेजारच्या घराचं पुढचं दार सताड उघडं दिसलं. थंडी अशी की दूध आणायला कोपऱ्यापर्यंत जाऊन आलं तरी कान दुखायला लागावेत, आणि हे दार उघडं. पलीकडच्या घरातले मिस्टर हॉवर्ड म्हणजे अतिशय सभ्य गृहस्थ. ते कुत्र्याला फिरवून येताना थबकले, दुसऱ्याच्या दाराला हात लावावा की नाही याचा त्यांनी बराच विचार केला आणि शेवटी दोन बोटांनी ते ओढून घेतलं. थोड्या वेळाने दार पुन्हा उघडलं. सूट, टाय आणि त्यावर गळ्याला जाड मफलर अशा थाटातला एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस बाहेर डोकावला, त्याने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं आणि दार तसंच टाकून तो आत गेला. दुपारी मिस्टर हॉवर्डनी ते पुन्हा लावलं. ते पुन्हा उघडलं.

“अरे, जाऊन सांग ना त्यांना,” मी अनिरुद्धला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हणाले. “कोणी घुसलं तर? विसरत असतील बिचारे. एकटेच राहतात असं वाटतंय.”

अनिरुद्ध सांगायला गेला तो परतच येईना. शेवटी मी गेले. आत टेबलावर पंधरावीस माणसांना पुरेल इतकं जेवण मांडलेलं, मधोमध एक उंच मेणबत्ती जळतेय, आणि माझा नवरा त्या सगळ्यासमोर एकटाच बसून चमच्याने काहीतरी गोड खातोय. त्याला बोलता येत नव्हतं, तोंड भरलेलं होतं. त्या गृहस्थांनी माझ्याही हातात चमचा दिला. शिजवून वाटलेले गहू, साखर आणि अक्रोड. आपली गव्हाची खीर, फक्त दूध घालायचं राहून गेलेली.

त्यांच्या घराण्याच्या संताचा तो दिवस होता. ‘स्लावा’ म्हणतात, आपल्या कुळाचाराच्या जवळचं काहीतरी. त्या दिवशी बोलावणं कुणालाच करायचं नसतं. ज्याला आठवण असते तो येतो, आणि येणाऱ्याची वाट बघायची. दार उघडं टाकणं ही यांची स्वतःची भर. नाताळाआधीचे उपासाचे दिवस, म्हणून टेबलावर मांस नाही, दूधदुभतं नाही. भाजलेले शेंगदाणे, मासे, अक्रोडाच्या वड्या, नक्षी काढलेला पाव. उपासाच्या दिवशी माणूस एरवीपेक्षा जास्त खातो ही गोष्ट फक्त आपल्याकडेच आहे, हा माझा गैरसमज तेव्हा दूर झाला.

“पण इन्व्हिटेशनशिवाय इथे कोण येणार?” मी विचारलं.

“कोणी येत नाही.”

“मग एखादा मेसेज तरी करायचा.”

“बोलावलं की ती पार्टी झाली.”

“किती वर्षं झाली तुम्हाला इंग्लंडमध्ये?”

“वीसेक.”

“आणि बोलावल्याशिवाय कोणी आलंय कधी?”

त्यांनी अनिरुद्धकडे बोट दाखवलं. “हे आले.”

ते व्लास्तिमिर. सगळे व्लास्ता म्हणायचे. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, पण ‘मिस्टर’ लावलं की मागे कोण उभं आहे ते वळून बघायचे. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं. इथे मराठीत आणि अहो-जाहोत आणते आहे ती मी, आपल्या सवयीने.

व्लास्ता कादंबरीकार होते. उपहासात्मक कादंबऱ्या लिहायचे. आमच्या आयटीच्या जगात कादंबरीकार शेजारी असणं म्हणजे मांजर पाळण्यासारखं. कौतुक खूप, उपयोग काय ते कुणालाच माहीत नाही. घरातल्या घरात लिहायला बसतानाही टाय लावायचे. “सरकारवर लिहायचं तर नीट कपडे घालून लिहावं,” म्हणायचे. वाऱ्याला मात्र विलक्षण भ्यायचे. दोन खिडक्या समोरासमोर उघड्या राहिल्या आणि मधून वारा वाहिला की माणूस दगावतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. ओले केस घेऊन कचरा टाकायला बाहेर आले की कुंपणापलीकडून मला ओरडा बसायचा. माझी आजेसासू नागपुरात हेच म्हणायची, पाठीत वारं भरेल म्हणून. बाराही महिने वाऱ्याला जपणारा हा माणूस त्या एका दिवशी दार उघडं टाकून, मफलर आवळून, मरणाच्या वाऱ्यात बसून राहायचा.

आणखी एक खोड होती. एखादी गोष्ट व्यवस्थित पार पडली की त्यांना संशय यायचा. बॉयलर दुरुस्त करणारा सांगितल्या वेळेला आला, तर ते माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणायचे, “काहीतरी गडबड आहे.” उलट काही बिघडलं की त्यांचा चेहरा खुलायचा. ट्राम मध्येच बंद पडली, तासभर कुणी काही सांगितलं नाही, तर घरी येऊन आनंदाने सांगायचे, “आज अगदी गावाकडे जाऊन आलो!”

लोक बागेत जाऊन बसतात, तसे व्लास्ता व्हिसा ऑफिससमोरच्या बाकावर जाऊन बसायचे. थर्मासमध्ये कडू काळी कॉफी. आत जाणारी माणसं आणि बाहेर येणारी माणसं नुसती बघत राहायची. मी एकदा सासूबाईंच्या कामासाठी तिथे गेले होते. बाहेर आले तर हे बाकावर. त्यांनी काही न विचारता कॉफी दिली आणि म्हणाले, “आत काय म्हणाले ते सांगू? बघू, म्हणाले.”

“तसंच काहीसं.”

“आमच्यात ‘विदेचेमो’ म्हणतात. बघू. त्याचा अर्थ ‘नाही’.”

“आमच्यातही,” मी म्हणाले, आणि आम्ही दोघं त्या थंड बाकावर बसून जे हसलो ते आजही आठवतं. हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. सासूबाईंचं काम झालं नव्हतं.

त्यांनी देश का सोडला, हे मी सरळच विचारलं होतं. मला वाटलं होतं तुरुंग, धमक्या, काहीतरी भयंकर ऐकायला मिळेल.

“तुरुंगात टाकलं असतं तर राहिलो असतो,” व्लास्ता म्हणाले. “मला बक्षीस दिलं.”

झालं होतं असं. त्यांनी एका मंत्र्यावर कादंबरी लिहिली. नाव बदललेलं, पण चष्मा, चालणं, बायकोचा भाऊ, सगळं त्याचंच. पुस्तक गाजलं. मग एक दिवस समारंभाचं आमंत्रण आलं. तोच मंत्री पहिल्या रांगेत बसला होता. व्लास्तांनी त्याच्यावरचाच उतारा वाचला, आणि सगळ्या सभागृहात सर्वांत जोरात तोच हसला. डोळे पुसत स्टेजवर आला, मिठी मारली, सन्मानचिन्ह दिलं आणि कानात म्हणाला, “आणखी लिहा. लोकांना बरं वाटतं.”

“घरी येऊन वेस्नाला सांगितलं, आता इथे राहण्यात अर्थ नाही.” वेस्ना त्यांची बायको. नर्स होती. तिला इथल्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली, आणि दोघं तान्ह्या येलेनाला घेऊन निघून आले. आम्ही शेजारी आलो त्याच्या आधीच वेस्ना गेली होती. तिच्याबद्दल ते फारसं बोलत नसत.

येलेनाबद्दल मात्र बोलत. मुलगी गुणी. केंब्रिजला शिकलेली, पुढे एका पाणी पुरवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात लागलेली. उपहासकाराची मुलगी तक्रार विभागात, याच्यावर आम्ही त्यांना किती चिडवलं असेल. पण येलेनाचा आपल्या कामावर खरा विश्वास होता. नीट, सभ्य भाषेत तक्रार केली की उत्तर येतंच, हे तिला जसं माहीत होतं तसं मला माझ्या आयुष्यात कधी माहीत नव्हतं. रस्त्यावरचा दिवा गेला, येलेनाने ईमेल केली, दिवा लागला. व्लास्ता त्या दिव्याकडे बराच वेळ अविश्वासाने बघत उभे राहिले होते.

त्यांचं सगळं दुःख या मुलीपाशी येऊन थांबायचं. येलेनाला वडिलांच्या पुस्तकावर हसू येत नव्हतं. भाषेचा प्रश्न नव्हता. घरात सर्बियनच बोलायचे, ती वाचायचीही. पुस्तक पूर्ण वाचून मिटायची, बापाला मिठी मारायची आणि म्हणायची, “खूप छान लिहिलंय, बाबा. पण किती वाईट वाटतं.”

“वाईट!” व्लास्ता कुंपणावर हात आपटायचे. “सर्बियनमध्ये फार विनोदी आहे ते!”

त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी एका जिल्हा रुग्णालयावर होती. रुग्णालयाची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकते. आत एक पेशंट, एक नर्स आणि लिफ्टमन. दुरुस्ती कोणी करायची यावर दोन खात्यांत वाद. तोपर्यंत आतल्या लोकांचं काय, म्हणून अधीक्षक त्या लिफ्टलाच वॉर्ड जाहीर करतात. वॉर्डला नंबर मिळतो. लिफ्टमनला वॉर्डबॉयची बढती. भेटीच्या वेळा ठरतात. नातेवाईक फटीतून डबा आत सरकवतात. उद्घाटनाला मंत्री येतात आणि लिफ्ट बंद असल्यामुळे धापा टाकत जिन्याने चढतात. व्लास्तांनी मला हे कुंपणापाशी उभं राहून सांगितलं तेव्हा मी हातातला ओल्या कपड्यांचा ढीग खाली टाकून हसले होते. मंत्री जिन्यावर मधल्या मजल्यावर थांबून पाणी मागतो, हे तर मी आमच्या गावी पाहिलेलं होतं. पाणी आणायला कोण धावलं असेल, तेही मला माहीत होतं.

तेव्हापासून त्यांचे विनोद आधी माझ्यावर तपासले जाऊ लागले. पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर करायला घेतलं होतं, आणि भाषांतरकाराकडून एकेक प्रकरण आलं की व्लास्ता ते कुंपणापाशी मला वाचून दाखवायचे. पानाकडे बघायचे नाहीत, माझ्या तोंडाकडे बघायचे. मी हसले की खूण करायचे. तेच पान मग रविवारी येलेनाला. तिथे खूण नाही.

“ती काय म्हणाली माहितीये?” एका सोमवारी ते म्हणाले. “म्हणाली, पण बाबा, त्यांनी लिफ्टच्या कंपनीला फोन का नाही केला?”

मला हसू आवरेना. ते हसले नाहीत. “मी म्हणालो, केला असता तर पुस्तक कुठलं? ती म्हणाली, पण तिघं आत अडकलेत ना?”

मला त्यांचं दुखणं कळत होतं. माझी सई इथेच जन्मलेली. मी तिला आमच्या नगरपालिकेच्या गमती सांगते, आणि ती शांतपणे विचारते, “आई, मग हे कोणी रिपोर्ट का नाही केलं?” गंमत तिथेच संपते. पण मी काही लेखक नाही. व्लास्तांचं सगळं आयुष्य त्या एका हसण्यात अडकलं होतं. एकदा, फक्त एकदा, येलेनाने आपल्या एखाद्या ओळीवर मनापासून हसावं, एवढंच त्यांना हवं होतं. बाकी कुणी हसलं काय नि न हसलं काय.

भाषांतर निघालं तेव्हा क्रॉयडनमधल्याच एका छोट्या पुस्तकांच्या दुकानात वाचन ठेवलं होतं. येलेना पहिल्या रांगेत. व्लास्तांनी उद्घाटनाचं प्रकरण वाचलं. मी आणि अनिरुद्ध हसलो, मागचे चार सर्बियन हसले, एक नायजेरियन गृहस्थ तर खुर्चीवरून पडायचे बाकी होते. मिस्टर हॉवर्ड कौतुकाने मान डोलवत होते. येलेना दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून, काळजीत असल्यासारखी ऐकत होती. वाचन संपल्यावर प्रश्न विचारायला सांगितलं, तर तिनेच हात वर केला.

“त्या पेशंटच्या बाजूने कोणीच तक्रार का नाही केली?”

आणि सगळं दुकान खो खो हसायला लागलं. त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा हशा तो. लोकांना वाटलं, मुलीने बापाला मुद्दाम टाकून दिलेला चेंडू आहे. येलेना लाल झाली. “मी जोक नव्हते करत,” ती म्हणाली, आणि लोक आणखी हसले. व्लास्तांनी समोरून हात वर केले, सगळ्यांना गप्प करायला, पण ते कुणाला कळलं नाही. एवढ्या लोकांना हसवून आलेला तो माणूस परतताना ट्राममध्ये खिडकीकडे तोंड करून बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणाले ते मला अजूनही बरोबरच वाटतं. म्हणाले, “व्लास्ता, तिला हसू येत नाही हे चांगलंच नाही का? तुम्ही कशाला आलात इथे? तिला हे हसू कळू नये म्हणूनच ना? मला हसू येतं, कारण मला माहितीये, फोन केला तरी कोणी उचलत नाही.”

त्यांनी कुंपणावरचे हात काढून घेतले. आत गेले, आणि पुष्कळ दिवस कुंपणापाशी आले नाहीत. आले तेव्हा सफरचंदाची पोळी घेऊन आले आणि हवामानावर बोलले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पण नंतर कधी येलेनाच्या ‘किती वाईट वाटतं’ची तक्रारही केली नाही. एकदा तर तिच्याकडे बघत मला हळूच म्हणाले, “बघ, हिच्या कपाळावर एक आठी नाही.”

गेल्या वर्षी त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. इंग्रजीही नाही, सर्बियनही नाही. डोळ्यांवरून मात्र सगळं समजतंय हे दिसायचं. हॉस्पिटलने आपलं काम चोख केलं. पण पुढे घरी मदतीला माणूस हवा, आणि तो मिळायच्या आधी किती मदत लागेल हे कुणीतरी ठरवायला हवं. ते ठरवायचं काम कुठल्याशा कंपनीकडे होतं, आणि ती कंपनी सगळं टेलिफोनवर ठरवायची. तोपर्यंत व्लास्ता वॉर्डमध्येच.

येलेनाने जे तिला येत होतं ते केलं. सभ्य भाषेत लिहिलं, फोन केले, नाव-गाव टिपून ठेवलं, मुदत संपली की आठवण दिली. ती स्वतः नोकरीत तक्रारी घेणाऱ्या पलीकडच्या खुर्चीत रोज बसत होती, तिला त्या खुर्चीतलं सगळं माहीत होतं. तरी काही हलेना. मी आणि अनिरुद्ध डबे देण्यापलीकडे काय करणार? पोरगी महिन्याभरात वाळली. कधी वेळ मिळाला तर आमच्या किचनमध्ये येऊन मुकाट्याने पोहे खायची.

एका शनिवारी ती अशीच आली, बसली आणि म्हणाली, “काल त्यांचा फोन आला.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, आम्हाला पेशंटशीच बोलावं लागेल. मी म्हटलं, त्यांना बोलता येत नाही. ते म्हणाले, ठीक आहे, मग तसं त्यांनी स्वतः कन्फर्म करायला हवं.”

मी कढईपाशी उभी होते. मी वळले नाही, कारण माझं तोंड तिला दिसू द्यायचं नव्हतं.

“मी फोन बाबांच्या कानाला लावला,” ती म्हणाली. “ती बाई खूप गोड होती. तिने विचारलं, सर, तुम्हाला बोलता येत नाही, हे बरोबर आहे का? मग थांबली. मग पुन्हा विचारलं. मग मला म्हणाली, क्लायंटने कुठलीही अडचण सांगितली नाही. म्हणून केस क्लोज. आणि हे मान्य नसेल तर...” तिला पुढे बोलवेना. “मान्य नसेल तर क्लायंटने फोन करून कळवावं.”

आणि येलेना हसायला लागली. टेबलावर डोकं ठेवून, खांदे गदागदा हलवत, श्वास अडकेपर्यंत. ते हसू मला ओळखीचं होतं. माझ्या वडिलांचं पेन्शन अडकलं होतं तेव्हा ते हसायचे तसं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. किती वर्षं मी आणि व्लास्ता कुंपणाशी उभे राहून याच हसण्याची वाट बघत होतो, आणि आता ते आलं होतं.

“मला हे बाबांना सांगायचंय,” ती डोळे पुसत म्हणाली. “आत्ताच्या आत्ता. चल ना माझ्याबरोबर.”

मी व्लास्तांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी. दोन उशांना टेकवून बसवलं होतं, मिशा कुणीतरी नीट विंचरल्या होत्या. येलेनाने खुर्ची जवळ ओढली, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि सांगायला सुरुवात केली. काय सांगत होती पोरगी! त्या बाईचा गोड आवाज काढला, नेमकी जिथे व्लास्ता थांबले असते तिथे थांबली, शेवटचं वाक्य अगदी निर्विकार चेहऱ्याने टाकलं. पलीकडच्या कॉटवरचे आजोबा खोकेपर्यंत हसले. औषधं घेऊन आलेली नर्स ट्रे धरून हसली. मीही हसले, काय करणार.

“ऐकलं ना, बाबा?” येलेना म्हणाली. “आता कळलं मला. फार विनोदी आहे!” आणि पुन्हा हसत सुटली.

व्लास्ता तिच्याकडे बघत होते. चेहऱ्याची चांगली बाजू थरथरली आणि त्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. त्यांनी तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, कष्टाने वर उचलला आणि तळवा तिच्या तोंडावर ठेवला. तिला वाटलं ते गंमत करताहेत. ती तळव्याखाली हसतच राहिली, आणि त्यांनी हात काढला नाही.